कुणाचं वाक्य

परीक्षेचं वेळापत्रक काल फलकावर लागलं आणि आज सकाळपासून भाषा सराव कक्षाच्या दाराशी चपला वाढल्या. एरवी या खोलीत दिवसाला तीन-चार जण येतात. मार्चमध्ये बाकं कमी पडतात. प्रकल्प अहवालाची कच्ची पानं छातीशी धरून मुली भिंतीला टेकून उभ्या असतात, मुलगे खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. कुणाची प्रस्तावना अडलेली असते, कुणाला 'ळ' म्हणता येत नाही, कुणाला सगळं येतं पण परीक्षकांसमोर तोंड उघडत नाही.

खोली पूर्वी खेळाचं सामान ठेवायची होती. रबरी चटयांचा वास अजून गेलेला नाही. खिडकीबाहेर कॉलेजची भिंत, भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे लूमचे कारखाने. त्यांची खटखट इतकी अंगवळणी पडली आहे की ती थांबली तरच आम्ही माना वर करतो. मग कळतं, लाइट गेली. वरचा पंखाही हळूहळू थांबतो, आणि त्या शांततेत एखाद्याचं मोठ्यानं वाचणं अचानक फारच मोठं वाटतं.

विद्यापीठाकडून पत्र आलं होतं, प्रत्येक कॉलेजात असा कक्ष हवा. कुणीतरी सांभाळायचा म्हणून तो मराठी विभागात, माझ्याकडे आला. मला त्यातलं काही येत नव्हतं. तीस वर्षं मी फळ्यापाशी उभी राहून शिकवलं होतं. शेजारी बसून शिकवणं वेगळं असतं हे मला ठाऊक नव्हतं. भिवंडीतल्या एकाच मुलीच्या तोंडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन-चार भाषा येऊन जातात. घरात एक, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी, भाजीवालीशी चौथी. तिला त्याचं काहीच वाटत नाही. वाटायला लागतं ते कागद पुढे आला की.

मार्च आला की मला एकच मार्च आठवतो. दोन-तीन वर्षं झाली त्याला. त्या वर्षी रमजान आणि परीक्षा एकत्र आले होते.

रुखसार तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. राहायला निजामपुऱ्यात. वडील लूमवर कामाला, आई घरात बसून कांडी भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी तयार करायची. घरात भोजपुरी, गल्लीत हिंदी आणि शाळा उर्दूतून. प्रकल्प तिनं मराठीत लिहायचं ठरवलं होतं. का, म्हणून मी विचारलं, तेव्हा तिनं क्लार्कच्या परीक्षेचं कारण सांगितलं. थोड्या वेळानं, दप्तर आवरता आवरता, खरं कारण सांगितलं. आईला दवाखान्यात नेलं की तिथल्या बाई मराठीतून समजावतात, आणि ही नुसती मान हलवते. घरी आल्यावर आई विचारते काय म्हणाल्या, तेव्हा ती अर्धं ऐकलेलं आणि अर्धं स्वतःच्या मनाचं सांगते. त्याची तिला भीती वाटायची.

कल्पना तिच्याच वर्गातली, पण वयानं बारा वर्षांनी मोठी. बारावीनंतर लग्न झालं, मुलगी चौथीत गेल्यावर तिनं पुन्हा नाव घातलं. सकाळी कॉलेज करायची आणि दुपारी दीडच्या बसनं जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात शिफ्टला जायची. गळ्यात गोदामाचं ओळखपत्र असायचं, ते ती वर्गात पदराआड सरकवून ठेवायची. पहिल्या दिवशी दारातच उभी राहून ती म्हणाली, "मॅडम, मला बोलाया येतंय, लिवाया येत न्हाय."

त्या एका वाक्यावरून मला तिचा मुलूख कळला. गणेशपुरीच्या अलीकडची भातशेतीची गावं, एसटीच्या थांब्यावरचं वडाचं झाड, ओल्या पेंढ्याचा वास. मीही तिथलीच. तिला तेव्हा मी ते सांगितलं नाही.

सांगितलं नाही याचं कारण जुनं आहे. शिकायला ठाण्याला गेले तेव्हा हॉस्टेलवर माझ्या 'न्हाय'ला मुली हसल्या होत्या. वाईट हेतूनं नाही, गंमत म्हणून. पण मी ठरवून टाकलं. दोन वर्षं रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचला. 'हाय'चं 'आहे' केलं, 'मंग'चं 'मग' केलं. पुढे कुणालाच माझं गाव ओळखता येईना, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. घरी गेले की भाऊ म्हणायचा, तू बातम्या दिल्यासारखी बोलतेस. मी हसायचे. त्याच्याशी त्याच्यासारखं बोलायचा प्रयत्नही केला एकदा, तर ते नाटकात बोलल्यासारखं झालं. मग पुन्हा केला नाही.

कक्षात मी दोघींची जोडी लावली. बारा ते सव्वा एक. पद्धत साधी होती. एकीनं पाच मिनिटं बोलायचं, सकाळपासून काय काय केलं ते. दुसरीनं ऐकायचं आणि ऐकलेलं लिहायचं. मग उलट. रुखसारचं मराठी पुस्तकातून आलेलं, त्यामुळे ती 'परंतु' आणि 'तथापि' सहज म्हणायची आणि 'माझी प्रश्न' म्हणायची. कल्पनाचं बोलणं झऱ्यासारखं, पण लिहायला बसली की तिचा हात थांबायचा. प्रत्येक शब्दाला वर बघायची, हा चालेल का म्हणून.

'ळ' रुखसारला कल्पनानंच शिकवला. मी उच्चारस्थानं सांगून दमले होते. कल्पनानं तिला आरशासमोर उभं केलं, जीभ मागं वळवून टाळूला लाव आणि सोड म्हणाली. मग स्वयंपाकघरातल्या वस्तूंची यादी म्हणून घेतली, तांदूळ, डाळ, गूळ, केळं, नारळ. रुखसारचा रोजा असायचा. दुपारी बारा वाजता घसा कोरडा, आणि आपण तिच्याकडून खाण्याच्या वस्तू म्हणून घेते आहे हे लक्षात आल्यावर कल्पना ओशाळली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पाण्याची बाटली बाहेर काढणंही बंद केलं. शिफ्टला जायच्या आधी नळाशी जाऊन प्यायची.

दोघींचे विषय शेजारशेजारचे होते. रुखसार आपल्या गल्लीतल्या कांडी भरणाऱ्या बायकांबद्दल लिहीत होती, कल्पना गोदामात पॅकिंग करणाऱ्या बायकांबद्दल. कल्पनानं सहा जणींशी बोलून एक वही भरली होती. शंभर पानी, रेघांची, मुलीच्या शाळेची उरलेली. त्यात तिनं स्वतःबद्दलही लिहिलं होतं. एका पानावर होतं, 'उभ्यानं काम हाय. बसाया देत न्हाय. घरी आल्यावर पाय माझे वाटत न्हाय.'

मी ते वाचलं आणि लाल पेन उचललं. त्या जागी लिहिलं, 'सततच्या उभ्या कामामुळे महिला कामगारांना शारीरिक थकव्याचा सामना करावा लागतो.'

हे एका दिवसात झालं नाही. आधी मी शुद्धलेखन दुरुस्त केलं. मग क्रियापदं. मग तारीख जवळ आली आणि कल्पनाची गोदामातली शिफ्ट वाढली, तेव्हा एका रविवारी वही घरी नेली आणि पानंच्या पानं नव्यानं लिहून काढली. तिला मदत करते आहे याबद्दल मला शंका नव्हती. एका सुमनबाईंचं बोलणं त्यात होतं, साठीला आलेल्या, पूर्वी गोदामाच्या जागी शेतं होती तेव्हा भाताच्या लावणीला मजुरीनं जायच्या आणि आता तिथल्याच गोदामात खोक्यांना टेप लावायच्या. ते मी विषयाशी संबंध नाही म्हणून काढून टाकलं.

कल्पनानं माझी पानं वाचली. छान झालंय मॅडम, म्हणाली, आणि सुंदर अक्षरात उतरवून काढली. रुखसार शेजारी बसून बघत होती. तिनं एवढंच विचारलं की मॅडम, यात ताईंचे पाय कुठे गेले. अहवाल असाच लिहायचा असतो, असं मी तिला सांगितलं. तिनं ते वहीत टिपूनही घेतलं.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला झाली. बाहेरून आलेले परीक्षक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं हळू. अंतर्गत परीक्षक म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले होते. रुखसार आधी आली. तिनं पहिल्या वाक्यालाच 'कांडी'चं लिंग चुकवलं, थांबली, स्वतःच दुरुस्त केलं आणि पुढे गेली. आईचा हात दुखतो तेव्हा ती कोणत्या बोटानं सूत सांभाळते ते तिनं करून दाखवलं. सरांनी दोन वेळा मान हलवली.

मग कल्पना आली. सरांनी अहवाल उघडला, मधलं एक पान काढलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. सामना करावा लागतो म्हणजे काय होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा, म्हणाले. कल्पनानं तेच शब्द पुन्हा म्हटले. त्यांनी आणखी एक वाक्य वाचलं, मग आणखी एक. तिसऱ्या वाक्यातल्या एका शब्दाचा अर्थ तिला सांगता आला नाही. तो शब्द माझा होता. सरांनी अहवाल मिटला. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "हे वाक्य तुमचं आहे का?"

कल्पनानं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "न्हाय सर. वाक्य मॅडमचं हाय. पाय माझे हायत."

पंखा फिरत होता, पलीकडे लूम चालू होते. सरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. तिनं ओळखपत्र नीट केलं आणि गेली. दार लागल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. वही, रविवार, लाल पेन. आधी सांगायला हवं होतं, तिच्यासमोर सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिच्या पाठीमागे खरं बोलणं सोपं गेलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की हा अहवाल त्यांना तिचा म्हणून स्वीकारता येणार नाही. नियमात आठ दिवसांची मुदत बसत होती. त्यात तिनं स्वतः लिहून आणावं, तोंडी परीक्षा पुन्हा होईल. नाहीतर वर्ष जाईल. मदत कुठे थांबते हे मदत करणाऱ्यानं ठरवायचं असतं, एवढं एकच वाक्य ते माझ्यासाठी बोलले.

बाहेर कल्पना जिन्यात बसली होती. रुखसार तिच्या शेजारी, खालच्या पायरीवर. मी कल्पनाची माफी मागितली. ती म्हणाली की वर्ष गेलं तर ती पुन्हा बसणार नाही, घरी एकदाच परवानगी मिळाली आहे. रडली नाही. मग मी तिला इतके दिवस न सांगितलेलं सांगितलं, मी कुठल्या गावची ते.

"म्हायत हाय," ती म्हणाली. "तुमच्या भावाला आमच्याकडं सगळे वळकतान. मला वाटलं, तुमाला आवडत न्हाय सांगाया."

पुढचे आठ दिवस आठवतात ते उन्हानं पांढऱ्या पडलेल्या खिडकीसह. कल्पनाला शिफ्ट सोडता येत नव्हती. कॉलेजचे तास संपले होते, म्हणून ती सकाळी आठला यायची आणि सव्वा एकपर्यंत बसायची. टाइप करायला रुखसार आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिची स्वतःची परीक्षा झाली होती, रोजे चालू होते, घरी ईदची कामं होती. जुनी वही उघडायची, कल्पनानं वाचायचं, सांगायचं, मध्ये थांबून विचार करायचा, आणि रुखसारनं टाइप करायचं, असं चाललं.

पहिल्याच पानावर रुखसारनं मला विचारलं की ताई बोलतात तसंच लिहू का. मी म्हटलं, हे ताईंनाच विचार. कल्पनानं बराच विचार केला. मग ठरवलं की जिथं ती स्वतः अहवाल लिहिते आहे तिथं 'आहे' लिहायचं, पुस्तकात असतं तसं, तेही तिला आलंच पाहिजे. आणि जिथं बायका बोलतात तिथं त्या बोलल्या तसं. स्वतःच्या पायांचं वाक्य कुठल्या बाजूला घालायचं यावर ती अडली. ती लिहिणारीही होती आणि उभ्यानं काम करणारीही. शेवटी ते बायकांच्या बाजूला गेलं.

मी खोलीत असायचे, पण हातात काही घ्यायचे नाही. हात रिकामे ठेवून बसणं मला जमेना. दोनदा मी उठून खिडकी पुसली. एखादं वाक्य लंगडं झालं की जिभेच्या टोकावर दुरुस्ती यायची, ती गिळून मी प्रश्न विचारायचे. हे कोण बोललं, कधी, त्याआधी काय झालं होतं, वाचणाऱ्यानं गोदाम बघितलेलं नसेल तर त्याला कळेल का. कल्पना उत्तर द्यायची आणि उत्तर देता देता वाक्य सुधारायचं. कधी सुधारायचं नाहीही. अहवालात काही लंगडी वाक्यं राहिली, अजून आहेत.

तेव्हाच सुमनबाईंचं बोलणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं. कल्पनानं वाचलं, 'इथं चिखल होता तवा वाकून काम होतं. आता फरशी हाय, उभ्यानं हाय.' रुखसारनं ते टाइप केलं आणि म्हणाली की तिच्या आजोबांना हे समजेल. ते गावाकडे शेतात होते, मग इथं येऊन लूमवर उभे राहिले. कल्पनानं तिला विचारलं, भोजपुरीत हे कसं म्हणतील. रुखसारनं म्हणून दाखवलं. मला सगळं समजलं नाही. त्या दोघींना समजलं, आणि पुढची दहा मिनिटं त्या 'उभं राहणं' आणि 'वाकणं' याला कुणाकडे काय म्हणतात ते एकमेकींना सांगत राहिल्या. टाइप करायचं राहून गेलं. घड्याळाकडे माझं लक्ष होतं, तरी मी त्यांना थांबवलं नाही.

आठव्या दिवशी तोंडी परीक्षा पुन्हा झाली. यावेळी मी परीक्षक म्हणून बसायचं नाही असं मीच सांगितलं होतं, माझ्याऐवजी दुसरे प्राध्यापक बसले. त्यामुळे आत काय झालं ते मला ठाऊक नाही. कल्पना पाऊण तास आत होती. बाहेर आल्यावर तिनं एवढंच सांगितलं की सरांनी गोदामाच्या बसबद्दल फार प्रश्न विचारले, त्यांची मुलगी तशाच बसनं जाते म्हणाले. मग तिची दीडची बस आली.

ती पास झाली. गुण बेताचे मिळाले. माझ्या भाषेतला अहवाल पकडला गेला नसता तर बहुधा जास्त मिळाले असते, ही गोष्ट मी स्वतःपासून लपवत नाही. रुखसारला तिच्यापेक्षा बरेच जास्त मिळाले. ती आता एका दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर बसते. उत्तरेकडून आलेल्या बायकांना डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्या बोलीत समजावते आणि गावाकडच्या बायकांशी मराठीत बोलते. 'कळलं का' हे तिचं नेहमीचं, आणि त्यातला 'ळ' अजून जरा जास्तच जोरात लागतो. कल्पना गोदामातच आहे. तिच्यावर आता पॅकिंगच्या एका लाइनीची जबाबदारी आहे, आणि ज्या बायकांना अर्ज लिहायचा असतो त्या तिच्याकडे येतात. मी विचारलं, तू लिहून देतेस का. न्हाय, म्हणाली, मी विचारत जाते, त्या लिवतान.

भाऊ मध्यंतरी येऊन गेला. जेवताना माझ्या तोंडून एक 'न्हाय' निघून गेला, ठरवून नाही. त्यानं ऐकल्याचं दाखवलं नाही आणि भात वाढून घेतला. ती भाषा मला परत आली असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं दूर ठेवलेली गोष्ट हाक मारली म्हणून येत नसते. पण समोर कुणी तसं बोललं तर माझा हात आता पेनाकडे जात नाही. एका शिक्षिकेनं पन्नाशी ओलांडल्यावर शिकायला एवढं पुष्कळ झालं.

निकालानंतर महिन्याभरानं कल्पना एकदा आली होती. तिनं अहवाल कंपनीच्या बसमध्ये सुमनबाईंना वाचून दाखवला होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की माझं नाव कुठाय. अहवालात आम्ही 'एक ज्येष्ठ महिला कामगार' असं लिहिलं होतं. बोलणारीचं नाव उघड करायचं नाही, तिला त्रास होऊ शकतो, असा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. मी कल्पनाला तो समजावून सांगितला. तिला तो माहीत होता. तिनं सुमनबाईंनाही समजावला होता. त्यावर त्या म्हणाल्या होत्या की ठेकेदार काय पुस्तकं वाचत न्हाय, आणि बोलले मी, तर अहवालावर नाव दुसरीचं कशाला. मी विचार करून सांगते म्हटलं, आणि ते राहून गेलं.

गेल्या आठवड्यात एका मुलाला नमुना दाखवायला म्हणून मी ग्रंथालयातून कल्पनाचा अहवाल काढला; त्याआधी तो एकदाच बाहेर गेला होता, तिच्याच नावावर. मधल्या पानावर, त्या चिखलाच्या आणि फरशीच्या वाक्याच्या वर, निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, सुमन. ग्रंथालयाच्या प्रतीवर काही लिहायचं नसतं. अक्षर कल्पनाचं नव्हतं. मोठं, थरथरतं, उकार सांभाळून काढलेलं, क्वचितच लिहिणाऱ्या माणसाचं. खाली पट्टीनं रेघ मारलेली होती, सरळ.